जिकडं ट्रॉली न्यायची तिकडं हात

जपानात मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे त्यांचं नाव वामन उकिडवे. हे वाक्य मी आधीच लिहून ठेवतो. पुढचं वाचताना ते कोणाच्या लक्षात राहणार नाही, आणि लिहिता लिहिता कदाचित माझ्याही राहणार नाही.

श्रीगोंद्याच्या मराठी शाळेतून मी पुण्याला आलो, घरातला पहिला पदवीधर झालो आणि एका कंपनीच्या कंत्राटावर टोकियोला जाऊन पडलो. तिथली कंपनी वर्षाच्या आत बुडाली. तिने दिलेली हिगाशी-कसाईमधली खोली रिकामी करायची वेळ आली, आणि तेव्हा मला कळलं की या देशात परदेशी माणसाला घर मिळायचं तर इथल्या कोणाला तरी जामीन राहून कागदावर आपला शिक्का उठवावा लागतो. मला इथलं कोणी नव्हतं. मराठी मंडळींच्या गणपतीला जेवायला गेलो होतो, तिथे पंगतीत शेजारी एक पन्नाशी उलटलेले गृहस्थ बसले होते. माझी हकिकत त्यांनी वरणभात कालवता कालवता ऐकली. जेवण झाल्यावर हात धुतले, खिशातून चामड्याची डबी काढली, तिच्यातल्या शिक्क्यावर तोंडाने वाफ सोडली आणि म्हणाले, "आण तो कागद." मी म्हटलं, काका, तुम्ही मला ओळखतही नाही. त्यावर म्हणाले, "दोन वेळा भात वाढून घेतलास तू. एवढी ओळख पुरे." त्या शिक्क्यावर मला हिगाशी-कसाईतच दुसरी खोली मिळाली आणि त्यांच्याच शब्दावर पुढे नोकरीही मिळाली. आज मी या देशात आहे, माझी मुलं माझ्या मराठीला जपानीत उत्तरं देतात, घरचा कचरा मी चार पिशव्यांत वेगळा करून ठेवतो, या सगळ्याच्या मुळाशी तो शिक्का आहे.

काका ग्योतोकूला राहत. माझ्या स्टेशनापासून तिसरं स्टेशन. घर अरुंद आणि दोन मजली, जिना इतका उभा की उतरताना उलटं उतरावं लागे. त्यांच्या पत्नी केइको काकू जपानी होत्या. लग्नानंतर दोन वर्षं त्या सांगलीला सासूबाईंच्या हाताखाली राहिल्या होत्या आणि मराठी तिथेच शिकल्या. त्यामुळे त्यांची मराठी एका म्हाताऱ्या बाईची मराठी होती. 'अगोबाई', 'मेलं ते कुकर', 'जळ्ळं मेलं लक्षण' असं त्या जपानी सुरात, मान किंचित लववून म्हणायच्या. त्यांच्या हातचं पिठलं मी अजून विसरलो नाही. कांद्याऐवजी तिकडची लांब हिरवी पात, कढीपत्ता नाहीच, आणि लोणचं म्हणून खारवलेली आंबट जर्दाळूसारखी फळं. सोबत चिकट भात. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा हे काही पिठलं नव्हे असं मनात आलं होतं. दुसऱ्या हिवाळ्यात पुण्याहून आलेल्या एका मित्राच्या बायकोने खरं पिठलं खायला घातलं, तर मला काकूंच्या पिठल्याची आठवण येऊ लागली.

आता ट्रेलरबद्दल. मायदेशी परत निघालेल्या एका अमेरिकन माणसाकडून काकांनी तो घेतला. पांढरा, अंगावर तपकिरी पट्टा, आत दोन बाजूंना बाकं आणि मधे टेबल, कोपऱ्यात गॅसची शेगडी, मागे पलंग. चाकांवरचं एक छोटंसं घरच. तो ओढायला दोन रांगांचा डिझेल पिकअप घेतला. नदीच्या बांधाजवळ एका आजीबाईंच्या भाजीच्या वाफ्याला लागून जागा भाड्याने घेतली आणि ट्रेलर तिथे उभा केला. हे सगळं झाल्यावर काकांना समजलं की एवढ्या वजनाचा ट्रेलर ओढायला वेगळा परवाना लागतो, आणि त्या परीक्षेत ट्रेलर उलटा घेऊन आखलेल्या चौकटीत बसवून दाखवावा लागतो. काकांचा खाक्या नेहमी असाच. आधी वरात, मग मुहूर्त. ते परीक्षेला बसत राहिले आणि नापास होत राहिले. ट्रेलर वाफ्याशेजारी उभा. काकू शनिवारी त्यात जाऊन फडकं मारून यायच्या.

एकदा जेवताना ते वैतागून सांगत होते की गाडी उजवीकडे वळवली की हा सैतान डावीकडे जातो. मला हसू आलं. मी म्हटलं, काका, हे मला येतं.

ते कसं येतं, हे सांगायला हवं. आण्णा, म्हणजे माझे वडील सोपान बोरुडे, दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते. हंगामात कारखान्यावर ऊस वाहायचे. वजनकाट्यापुढची रांग, उसाच्या पाचटाचा आणि मळीचा वास, लाउडस्पीकरवर मोठ्याने लावलेली गाणी, आणि त्यातून भरलेली ट्रॉली मागे घेत अंगुळभर जागेत बसवणारे आण्णा. मी बारावीत जायच्या आधीच त्यांनी मला मांडीपुढे बसवून ते शिकवलं होतं. स्टेअरिंग वरून धरायचं नाही. "हात खाली धर. जिकडं ट्रॉली न्यायची तिकडं हात." एवढाच त्यांचा धडा. शिकवला खरा, पण मी ड्रायव्हर व्हावं असं त्यांना कधी वाटलं नाही. ते म्हणायचे, "ड्रायव्हरला लोक चहा देत्यात. पर भाईर देत्यात." बंगल्यावर माल पोचवला की ते पायरीवर किंवा ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून चहा घेत. मी लहानपणी त्यांच्याबरोबर तसा पुष्कळ चहा प्यायलो आहे आणि तेव्हा मला तो गोडच लागायचा.

परवान्याच्या परीक्षेत मी दुसऱ्या खेपेला पास झालो. पहिल्या खेपेला नापास झालो तो वळताना मान पुरेशी मागे वळवून पाहिलं नाही म्हणून. परीक्षकाला आपण पाहिलेलं दिसलं पाहिजे, असा इथला नियम. दुसऱ्या खेपेला मी घुबडासारखी मान फिरवली. त्या संध्याकाळी काकांनी मला मिठी मारली. जपानात राहून त्यांची मिठी मारायची सवय मोडलेली होती, म्हणून ती माझ्या चांगली लक्षात राहिली.

मग दोन वर्षं आम्ही तिघं सुट्टी मिळाली की बाहेर पडायचो. ट्रेलर जोडतानाचा आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो. पिकअपच्या मागे लोखंडी गोळा, त्यावर ट्रेलरचं तोंड हळूहळू उतरवायचं, आणि बसलं की 'खट्ट'. मग साखळ्या अडकवायच्या, दिव्यांची तार जोडायची. काका मागे उभे राहून ओरडायचे, "डावा लागला. उजवा लागला. ब्रेक." डावा दिवा पावसात नेहमी रुसायचा. महामार्गावर मोठा ट्रक शेजारून गेला की वाऱ्याने ट्रेलर आधी बाजूला ढकलला जाई आणि मग ओढला जाई. पहिल्यांदा झालं तेव्हा काकूंनी गणपतीचं नाव घेतलं. पुढे मला कळलं की दोष वाऱ्याचा कमी आणि काकांचा जास्त. पाण्याचे कॅन आणि बिअरचे खोके ते पार मागे, पलंगाखाली भरत, त्यामुळे ट्रेलरचं शेपूट जड होऊन हलायचं. उसाच्या ट्रॉलीचंही तसंच असतं. वजन पुढे हवं. मी दर वेळी ते सामान पुढे सरकवायचो आणि काका दर वेळी मागे भरायचे. ट्रेलर अमेरिकन, म्हणून त्याचं दार रहदारीच्या बाजूला उघडायचं. रस्त्याकडेला थांबलो की काकू आधी रुमाल बाहेर काढून हलवायच्या आणि मगच पाय टाकायच्या. कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, थांबायचं तर गाड्यांच्या चार जागा अडायच्या. मग काका दुकानदारापुढे इतके वाकायचे आणि इतकं काय काय विकत घ्यायचे की शेवटी दुकानदारच आम्हाला रस्त्यावर निघायला मदत करायचा.

तळ्याकाठी पोचलो की ट्रेलर मागे घेऊन झाडांत बसवायचं काम माझं. तेवढ्यात शेजारच्या तंबूंतली, ट्रेलरमधली माणसं चहाचे पेले घेऊन बघायला जमायची. ट्रेलरवाल्यांमध्ये मागे घेणं हीच खरी परीक्षा. सरळ ओढायला काय, कोणीही ओढतं. साइतामाचे एक निवृत्त मास्तर मला दर वेळी विचारायचे की हे कुठे शिकलास, आणि मी ऊस कसा असतो इथपासून सुरुवात करायचो. पाऊस आला तर पत्र्याच्या छतावर लाह्या फुटल्यासारखा आवाज. आत टेबलाशी आम्ही तिघं, मधे काकूंचं थालीपीठ, त्यात किसलेला पांढरा मुळा. काका म्हणायचे, "हे घर निम्मं तुझं आहे. मी ओढलं नसतं, तू ओढलंस." नववर्षाला मी त्यांना भेटकार्ड पाठवायचो आणि खाली 'तुमचा दिनकर' एवढंच लिहायचो. आडनाव घालावंसं कधी वाटलं नाही.

आण्णांना जपान दाखवायचं मी नोकरी लागल्यापासून मनात धरलं होतं. आई बहिणीच्या बाळंतपणात अडकली, म्हणून ते एकटेच यायचे ठरले. शरद ऋतूत पानं लाल होतात तेव्हा. आग्रह काकांनीच धरला. म्हणाले, "आपण यामानाकाच्या तळ्यावर जाऊ. फुजी समोर दिसतो. आण्णांना पुढे तुझ्या शेजारी बसव, गाडी तू चालव, त्यांना बघू दे पोरगं काय करतं ते. आणि मग आत टेबलाशी बसवून त्यांना चहा देऊ. आलं घालून." आलं घालून, हे शब्द मला नेमके आठवतात. मी ते तसेच आण्णांना पत्रात कळवले होते.

त्या उन्हाळ्यात काकांनी परवान्याचं पुन्हा मनावर घेतलं. वय होत चाललं, एकदा पास व्हायचंच, म्हणाले. रविवारी सकाळी समुद्राकडच्या भराव टाकलेल्या मोकळ्या जागेत मी त्यांना शिकवू लागलो. चार बादल्या मांडून चौकट केली. त्यांचा हात धरून स्टेअरिंगच्या खालच्या बाजूला ठेवला. "हात खाली धरा, काका. जिकडं ट्रॉली न्यायची तिकडं हात." ते हसले, म्हणाले, एवढंच होय. बादल्या पुष्कळ चेपल्या, पण सप्टेंबरात ते पास झाले. मीच त्यांना पेढे दिले. पेढे म्हणजे दुधाच्या भुकटीचे, माझ्या खोलीत केलेले.

आण्णा आले. विमानतळावर डोक्याला टोपी, अंगात नवा कोट, हातात गुळाची ढेप बांधलेलं गाठोडं. कस्टमच्या माणसाने ती ढेप वासावरून ओळखायचा प्रयत्न केला आणि शेवटी सोडून दिली. माझ्या खोलीत ते दोन दिवस खिडकीशी बसून होते. समोरच्या पटांगणात शाळेची मुलं एका रांगेत, सारख्या पिवळ्या टोप्या घालून जायची, त्यांना ते मोजायचे. तिसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी लवकर आम्ही निघायचं होतं. शुक्रवारी मी काकांना फोन केला तर कोणी उचलला नाही. मला वाटलं, सामान भरत असतील. आण्णांनी गावाहून आणलेल्या पिठाच्या बाजरीच्या भाकरी थापल्या, मी शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली, गूळ घेतला, आणि पहिल्या गाडीने आम्ही ग्योतोकूला उतरलो.

बांधाखाली गेलो तर जागा रिकामी होती.

चाकांना लावायचे दोन लाकडी ठोकळे तेवढे पडले होते. ट्रेलर एरवी तिथेच उभा असल्यामुळे त्याच्याखालचं गवत पिवळं पडलेलं होतं, आणि तो पिवळा चौकोन तसाच्या तसा दिसत होता. भाजीवाल्या आजीबाई मुळे उपटत होत्या. त्यांनी मला सांगितलं की उकिडवे-सान काल दुपारीच गेले, बरोबर पाहुणे होते, कंपनीचे मोठे लोक असावेत, ओकुसान, म्हणजे काकू, पण होत्या. आणि कौतुकाने म्हणाल्या, आता ते स्वतः चालवतात.

आण्णांनी विचारलं, काय म्हणते ती. मी म्हटलं, गॅस भरायला गेलेत, येतील. मग आम्ही त्या लाकडी ठोकळ्यांवर बसलो. बराच वेळ बसलो. मला माहीत होतं की कोणी येणार नाही, पण उठून परत जायचं तर आण्णांना काय सांगायचं ते सुचत नव्हतं. त्यांनी भाकरी सोडली, अर्धी मला दिली. आजीबाईंनी एक मुळा धुऊन आणून दिला. आण्णांनी तो बुक्कीने फोडला आणि खाताना मला म्हणाले, "मोठ्या मान्साला धा कामं असत्यात. तू तोंड पाडू नगं." मी तोंड पाडलेलं त्यांना दिसलं होतं तर. दुपार व्हायला लागली तेव्हा आम्ही उठलो. वाटेत मी त्यांना सांगितलं की काकांना अचानक कामासाठी जावं लागलं. त्यात खोटं काही नव्हतं.

रविवारी सकाळी फोन वाजला. काका एका टेलिफोन बूथवरून बोलत होते, मागे गाड्यांचा आवाज येत होता. "अरे दिनकर, तू आहेस ना घरी? बरं झालं. इथे यामानाकाला ट्रेलर अडकलाय. रस्ता चुकलो, पुढे बंद निघाला, आता मागे घेता येत नाही. एका बाजूला गटार आहे. बसने ये ना पटकन." शनिवारबद्दल ते काही म्हणतील म्हणून मी थांबलो. ते म्हणाले, "आणि हे बघ, इथे आमच्या कंपनीचे अध्यक्ष आहेत, त्यांची मिसेस आहे. जरा नीट कपडे करून ये."

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझ्या तोंडचा 'काका' एवढाच शब्द ऐकू आला होता. "बोलवलं का त्यांनी?" मी म्हटलं, हो. ते लगेच उठले आणि कोट घालू लागले.

आज इतक्या वर्षांनी माझी मुलगी मला विचारते, तू गेलासच का? ती इथे वाढलेली, तिला हा प्रश्न साधा वाटतो. मला त्या सकाळी असा प्रश्न पडला नव्हता. ज्याने आपल्यासाठी शिक्का उठवला त्याने बोलावलं तर जायचं, एवढंच मला ठाऊक होतं. आणि खरं सांगायचं तर, मनात कुठेतरी होतं की गेल्यावर ते म्हणतील, अरे आण्णा, या, आत या.

शिंजुकूहून बस. डोंगर लाल-पिवळे झालेले. फुजी दिसला तेव्हा आण्णांनी टोपी काढून नमस्कार केला. तळ्यापासून चालत झाडीत गेलो तर एका अरुंद रस्त्यावर पिकअप आणि ट्रेलर कोयत्यासारखे वाकून उभे. ट्रेलरचं एक चाक गटाराच्या काठावर, मागची बाजू दगडी भिंतीला टेकायला आलेली. पाहुणे थोडं लांब उभे होते. अध्यक्ष म्हातारे, सौम्य चेहऱ्याचे, त्यांची पत्नी, आणि एक हाताखालचा अधिकारी. काकू ट्रेलरच्या दारात होत्या. आम्हाला पाहून त्यांनी तोंडावर हात ठेवला. काका पुढे आले आणि माझ्या हातात किल्ली देत म्हणाले, "हात खालीच धरला होता रे मी." आण्णांना त्यांनी मान हलवून नमस्कार केला. बस्स तेवढाच.

मी आत बसलो. मागे सामान तसंच भरलेलं असणार हे ट्रेलर ज्या पद्धतीने बसला होता त्यावरून दिसत होतं. आण्णा न सांगता मागच्या कोपऱ्याशी जाऊन उभे राहिले, चाकामागे एक दगड सरकवला आणि हात वर केला. "येऊ दे. येऊ दे. जरा भितीकडं. बास. पुढं घे." कारखान्याच्या काट्यापुढे ते जसे ओरडायचे तसाच तो आवाज, त्या शांत झाडीत. मी थोडं मागे, थोडं पुढे असं करत राहिलो. अर्ध्यात एकदा चाक घसरलं आणि अध्यक्षांच्या पत्नी दबक्या आवाजात काही बोलल्या. मग ट्रेलर सरळ झाला. त्याच दमात मी सगळा रस्ता उलटा पार केला आणि गाडी मोठ्या वाटेवर आणून उभी केली. आयुष्यात मी तितकं चांगलं पुन्हा कधी चालवलं नाही.

मी उतरलो. अध्यक्षांनी मान लववली आणि काकांना विचारलं की हे कोण. काका हसले. म्हणाले, "उची नो उनतेन्शु देस."

'उनतेन्शु' म्हणजे ड्रायव्हर. 'उची नो' म्हणजे आमच्याकडचा, आमच्या घरचा. स्वतःच्या मुलाबद्दल बोलतानाही इथे लोक आधी तेच म्हणतात. त्यामुळे वाक्याचा पहिला भाग कानावर आला तेव्हा पुढे 'मुलगा' येणार असं क्षणभर मला वाटलं होतं, हे मी इथे लिहितो.

अध्यक्षांनी 'असं, असं' म्हणून मान डोलवली आणि त्या अधिकाऱ्याने रस्त्याकडेच्या यंत्रातून गरम कॉफीचे दोन डबे आणले. अध्यक्षांनी ते स्वतः दोन्ही हातांनी आम्हाला दिले, एक मला, एक आण्णांना. माणूस भला होता. त्याला जे सांगितलं गेलं त्याप्रमाणे तो वागला. मग सगळे ट्रेलरमध्ये चढले, आत दिवा लागला, कपबश्या वाजल्या. आण्णा आणि मी पिकअपच्या मागच्या फळीला टेकून उभे राहून ती कॉफी प्यायलो.

आण्णांनी विचारलं, "मघाशी ते साहेबांना काय म्हनले तुज्याबद्दल?"

मी म्हटलं, "म्हणाले, आमच्या घरचा मुलगा आहे."

त्यांनी डबा तोंडापासून खाली घेतला. काका काहीतरी घ्यायला बाहेर आले तेव्हा आण्णा त्यांच्यापुढे गेले, टोपी काढली आणि हात जोडले. "साहेब, तुमी चारचौघांत त्याला घरचा मुलगा म्हनला. लई मोठं मन. आता मला घोर न्हाई." काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. ते नुसतं "हो, हो, आण्णा" म्हणाले आणि बिअरचा खोका उचलून आत गेले. जाताना त्यांनी मला सांगितलं की पिकअपमध्ये जागा नाही, पण संध्याकाळची बस चांगली आहे.

आम्ही वळणापर्यंत गेलो तेव्हा काकू मागून चपला फटफटवत धावत आल्या. हातात भाताचे चार गोळे, कागदात गुंडाळलेले. त्यांना दम लागला होता. "दिनकर-सान, गोमेन ने," म्हणजे माफ करा. मग मराठीत, सांगलीच्या सासूच्या मराठीत म्हणाल्या, "मी ह्यांना दोनदा सांगितलं हो, त्याचे वडील यायचेत. हे म्हणाले, त्यांना काय, पुढच्या वेळी नेऊ." मी म्हटलं, काकू, जा तुम्ही, पाहुणे आहेत. त्या रस्त्यात तशाच उभ्या राहिल्या.

म्हणजे विसरले नव्हते. तोवर मी मनात त्यांच्यासाठी तेवढी एक जागा ठेवली होती, की विसरले असतील.

बसमध्ये आण्णा खुशीत होते. म्हणाले, गाडी झकास आहे, पर तुझा साहेब वजन मागं भरतो. मग थोड्या वेळाने विचारलं, "आतून कशी असती रं?" मी त्यांना सांगितलं. दोन बाजूंना बाकं, मधे टेबल, कोपऱ्यात शेगडी, खिडकीला काकूंनी शिवलेले पडदे, पाऊस पडला की लाह्या फुटल्यासारखा आवाज. ते डोळे मिटून ऐकत होते. कॉफीचा रिकामा डबा त्यांनी धुऊन गावी नेला आणि फळीवर देवांच्या शेजारी ठेवला. आलेल्या-गेलेल्याला ते सांगायचे की हे मोठ्या साहेबांनी दोन्ही हातांनी दिलं. ते गेले तेव्हाही तो तिथेच होता.

पुढे डिझेलचे नियम कडक झाले आणि तसले पिकअप टोकियोच्या बाजूला दिसेनासे झाले. काका आता नाहीत. काकू कधीतरी फोन करतात, पिठलं अजून करतात म्हणतात. त्या वेळी मी काकांना पाठवलेल्या पत्राचं उत्तर आलं नाही. कच्चा मसुदा माझ्याजवळ राहिला आहे, तो जसाच्या तसा देतो.

ती. उकिडवेकाकांस,
सा. न. वि. वि.

आण्णा सुखरूप गावी पोचले. पिकअपची जादा किल्ली माझ्याकडे असायची, ती या पत्रासोबत पाठवतो आहे. मी यापुढे ट्रेलर ओढायला येणार नाही.

माझ्या खोलीसाठी आता माझ्या कंपनीने हमी दिली आहे. घरमालकाशी बोलून झालं आहे. तुमचा शिक्का त्या कागदावरून मोकळा झाला, पण तुम्ही तो उठवलात हे मी जन्मभर विसरणार नाही. त्या दिवशी मला दुसरं कोणी नव्हतं.

सामान पुढे भरत जा. डावा दिवा पावसात लागत नाही, तार बदलून घ्या. काकूंना दाराशी रुमाल हलवल्याशिवाय उतरू देऊ नका.

एक काम आहे, आणि तुमच्याकडे हे माझं शेवटचं काम. आण्णा दर दिवाळीला तुम्हाला कोणाकडून तरी पत्र लिहवून घेऊन पाठवणार आहेत. तुम्ही मला घरचा मुलगा म्हणालात, याबद्दल त्यात ते तुमचे आभार मानतील. तुम्ही काय म्हणालात ते तुम्हाला आणि मला माहीत आहे. त्यांना ते कळू देऊ नका. उत्तर लिहायचं झालं तर एवढंच लिहा की दिनकर बरा आहे, आणि पुढच्या वेळी आलात की आत बसून चहा घेऊ.

कळावे,
दिनकर सोपान बोरुडे